विजेचे वेटोळे आणि बापाचे भय



राष्ट्रीय महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या कडोदऱ्याच्या चौफुलीवर रात्रीही मालमोटारींची वर्दळ थांबत नाही. आसपासच्या वस्त्यांतून यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालू असतो. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून पोटासाठी येथे आलेली आपली पुष्कळ कुटुंबे त्या खडखडाटातच झोपतात आणि त्यातच जागी होतात. किंबहुना माग एकदम थांबले, तर त्यांची झोप मोडते. कारण माग थांबले म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा या गावात विजेचेच एक खेळणे एका घरात कलहाचे कारण कसे झाले, आणि तो कलह कसा मिटला, ते आज सांगावयाचे आहे.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी एक मुलगा माझ्याकडे आला. तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकतो. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता आणि डब्यातून जळाल्याचा उग्र वास येत होता.

"फादर, पुन्हा उडाले," तो म्हणाला.

"काय उडाले?"

"मॉसफेट. ही तिसरी जोडी. आणि बाबा म्हणतात, उद्या सगळे भंगारात घालतो."

डब्यात एक तांबूस नळी होती, काही जाड तारा होत्या आणि भोके पडलेले काळे चौकोनी तुकडे होते. मुलगा टेस्ला कॉइल बांधीत होता. त्यासाठी लागलेले पैसे आईने दिले होते. ती माऊली घरी बसून साड्यांवर खडे आणि टिकल्या चिकटविते. एकेका साडीमागे मिळणाऱ्या चिल्लरीतून तिने ते जमविले होते. ते पैसे तीन वेळा, प्रत्येक वेळी एका क्षणात, फट् असा आवाज करून धुरात गेले होते.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. वडील मागांच्या कारखान्यात फिटर आहेत. रात्रपाळी करून नुकतेच आले होते. मला वाटले होते, त्यांचा राग पैशांसाठी असेल. तसे नव्हते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "फादर, पैसे पुन्हा मिळतील. पण माझ्याबरोबर काम करणारा एक जण ओल्या फरशीवर उभा राहून उघड्या तारेला चिकटला. मीच त्याला सोडवायला गेलो होतो. तो वाचला नाही. मला माझा मुलगा तसा पाहावयाचा नाही."

वाचकहो, यावर उत्तर देणे सोपे नव्हते. मुलाला हौस आहे, बुद्धी आहे. आणि बापाचे भय खोटे नाही. सेमिनरीत जाण्यापूर्वी मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. तेव्हा दोघांच्या मध्ये उभे राहण्याचे काम माझ्याकडेच आले. मी एवढेच सुचविले: यंत्र भंगारात घालू नये, पण ते मुलाच्या घरी न राहता आमच्या मागच्या खोलीत राहावे, घरच्या विजेला जोडावयाचे असेल तेव्हा मी किंवा वडील हजर असल्याखेरीज खटका दाबू नये, आणि यंत्र का उडाले ते समजल्याशिवाय नवा एकही भाग विकत घेऊ नये. वडिलांनी मान हलविली. पण "खटक्याजवळ मीच उभा राहीन," अशी अट त्यांनी घातली. त्या अटीचे महत्त्व मला पुढे कळले.

आता हे यंत्र काय आहे, ते सांगतो.

आपल्या घरांतून झोपाळे असतात. लहान मूलही मोठ्या माणसाला झोका देऊ शकते. अट एवढीच की, धक्का नेमक्या वेळी द्यावा. झोपाळा मागे जाऊन परत फिरू लागला की हळूच ढकलावे. असे वीस-पंचवीस वेळा केले तर झोका आढ्याला भिडतो. धक्क्यात बळ थोडेच असते, पण ते साठत जाते. वेळ चुकवून धक्का दिला, तर मात्र झोका मंदावतो. यालाच शास्त्रात अनुनाद म्हणतात. टेस्ला कॉइल म्हणजे विजेचा झोपाळा होय. बारीक तारेच्या हजारएक वेढ्यांच्या वेटोळ्याला त्याच्या स्वतःच्या तालावर धक्के दिले, की विजेचा दाब चढत चढत इतका होतो की भोवतालची हवाच फुटते आणि वेटोळ्याच्या टोकातून जांभळ्या ठिणग्यांच्या फांद्या बाहेर पडतात.

या विद्येचा इतिहास आपल्या वाचकांना जवळचा वाटावा असा आहे. एका वेटोळ्यातील प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८३६ साली, आयर्लंडमधील मेनूथ येथील सेमिनरीत विज्ञान शिकविणाऱ्या फादर निकोलस कॅलन यांनी लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे एक आणि लांब, बारीक तारेचे दुसरे वेटोळे गुंडाळून प्रवर्तन-वेटोळे सिद्ध केले. जाड तारेतील प्रवाह झटक्यासरशी तोडला की बारीक तारेच्या टोकांशी प्रचंड दाबाची वीज येई. प्रवाह पुनःपुन्हा तोडण्यासाठी त्यांनी घड्याळाच्या यंत्रणेचा उपयोग केला. दाब मोजण्याची साधने त्या काळी नव्हती. म्हणून ते आपल्या विद्यार्थ्यांना धक्के देऊन पाहत असत, आणि पुढे डब्लिनचा आर्चबिशप झालेला एक विद्यार्थी त्यात बेशुद्ध पडला, अशी हकीगत मेनूथमध्ये सांगतात. पुढे वरिष्ठांनी विद्यार्थ्यांवरील प्रयोग थांबवावयास सांगितले, तेव्हा ती पाळी कोंबड्या-टर्कींवर आली म्हणे! या शोधाचे श्रेय पुष्कळ वर्षे पॅरिसचे उपकरणकार रुमकॉर्फ यांच्याकडे गेले. १८६४ साली फ्रान्सच्या सम्राटाचे पन्नास हजार फ्रँकांचे पारितोषिकही त्यांना मिळाले. त्याच वर्षी फादर कॅलन वारले. त्यांची यंत्रे मेनूथच्या संग्रहालयात आहेत.

आपल्या देशातही कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर युजीन लाफों हे बेल्जियन जेझुइट विजेचे प्रयोग लोकांसमोर करून दाखवीत असत. आचार्य जगदीशचंद्र बोस हे त्यांचेच विद्यार्थी.

निकोला टेस्ला यांचे वडीलही धर्मगुरूच होते, ऑर्थोडॉक्स पंथाचे. मुलानेही धर्मगुरू व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. तरुणपणी टेस्ला पटकीने मरणाच्या दारी पोहोचले, तेव्हा त्यांनी वडिलांना सांगितले की, मला अभियांत्रिकी शिकू दिलेत तर मी कदाचित् बरा होईन. वडिलांनी वचन दिले, आणि मुलगा बरा झाला. १८९१ साली टेस्ला यांनी आपले प्रसिद्ध वेटोळे सिद्ध केले. १८९९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्यांनी त्याच्या साहाय्याने विजेचे मोठमोठे लोळ उत्पन्न केले. ही हकीगत मी मुलाच्या वडिलांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की ते येऊन बसू लागले.

टेस्ला यांच्या यंत्रात धक्के देण्याचे काम ठिणगीची फट करीत असे. त्यात आवाज फार, आणि त्यासाठी मोठा रोहित्र लागे. मॉसफेट हा अर्धवाहकाचा खटका १९५९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मला. त्याचे पुढचे बलवान वंशज आता सेकंदाला लक्षावधी वेळा उघडझाप करतात. अशा खटक्यांवर चालणाऱ्या यंत्राला सॉलिड-स्टेट टेस्ला कॉइल म्हणतात. मुलगा तेच बांधीत होता.

त्याची रचना अशी होती. नळकामासाठी मिळणारी ७५ मिलिमीटर व्यासाची पी.व्ही.सी. नळी घेऊन तीवर पाव मिलिमीटर जाडीच्या, लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे सुमारे ९६० वेढे एकास एक चिकटून दिले होते. वेटोळ्याची उंची पंचवीस सेंटिमीटर भरली. तार लागली सव्वादोनशे मीटरांहून थोडी अधिक. ही तार गावातील मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आली. त्या दुकानाच्या मालकांना सारा बाजार काका म्हणतो; जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळणे हा त्यांचा धंदा. वेढे एकमेकांवर चढू नयेत म्हणून मुलाने नळी हाताने फिरवीत तीन रात्री घालविल्या आणि वर वॉर्निशचे चार हात दिले. डोक्यावर बारा सेंटिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून बसविल्या आणि त्यांवर एक टाचणी उभी केली. कारण वीज अणकुचीदार टोकातून लवकर बाहेर पडते. वादळात जहाजाच्या डोलकाठीच्या टोकावर दिसणारी निळसर ज्योत याच जातीची. भूमध्य समुद्रावरील खलाशी आपला आश्रयदाता संत एरास्मस याच्या नावाने तिला संत एल्मोचा अग्नी म्हणत.

मुलाने आणि मी कागदावर हिशेब केला, तेव्हा या वेटोळ्याचा ताल सेकंदाला सुमारे साडेतीन लक्ष आंदोलने असा निघाला. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आंदोलने करते. यावरून या झोपाळ्याचा वेग ध्यानात येईल.

वेटोळ्याच्या पायथ्याशी जाड, रबरी वेष्टनाच्या तारेचे सात वेढे, हे प्राथमिक वेटोळे. घरातील २३० व्होल्टांची वीज डायोडच्या पुलातून सरळ करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठविली की तेथे सुमारे ३२५ व्होल्ट जमतात. दोन मॉसफेट आळीपाळीने उघडझाप करून त्या विजेचे धक्के प्राथमिक वेटोळ्याला देतात. कधी धक्का द्यावयाचा, हे कोण सांगते? जवळ उभी केलेली एक वीतभर तार. ती अँटेनाप्रमाणे मोठ्या वेटोळ्याचा ताल ऐकते, आणि एका छोट्या चिपमार्फत तो मॉसफेटना कळविते. म्हणजे झोपाळाच झोका देणाऱ्यास "आता ढकल" असे सांगतो. याशिवाय ५५५ या क्रमांकाच्या चिपचे एक मंडल सारे यंत्र क्षणभर चालवून क्षणभर थांबविते, म्हणजे मॉसफेट तापत नाहीत. फादर कॅलन यांच्या घड्याळाची मला येथे आठवण होते.

आता दोष शोधण्याची कथा.

मुलाने तीनही वेळा एकच गोष्ट केली होती: मॉसफेट उडाले की नवे बसविले आणि खटका दाबला. मी त्याला म्हटले, "बाळ, ताप आला की प्रत्येक वेळी नुसती चादर बदलून काय उपयोग? ताप कशाने आला ते पाहा." मग आम्ही कागद घेतला आणि मोठी वीज न जोडता जे जे तपासता येईल ते ते क्रमाने लिहून काढले.

पहिली तपासणी मल्टिमीटरने. जळालेल्या मॉसफेटच्या पायांना मीटर लावला की तो दोन्ही दिशांनी वाजतो. चांगला असेल तर वाजत नाही, किंवा एकाच दिशेने अंक दाखवितो. तिसऱ्या जोडीतील दोन्ही मॉसफेट आरपार जळाले होते. एकच जळाला असता तर गोष्ट निराळी. दोन्ही एकाच क्षणी जळाले याचा अर्थ बहुधा दोन्ही एकाच वेळी उघडले, आणि साठवलेली सारी वीज त्यांच्यातून आरपार गेली. दोन पहारेकऱ्यांनी आळीपाळीने दार उघडावयाचे, त्याऐवजी दोघांनी मिळून पुढचे-मागचे दार एकदम उघडले, तर घर लुटले जाणारच.

दुसरी तपासणी ऑसिलोस्कोपने. बारडोलीकडील एका महाविद्यालयातील परिचित प्राध्यापकांनी तो यंत्रासह दोन दिवसांसाठी दिला. मोठी वीज पूर्ण तोडून, फक्त बारा व्होल्टांच्या नियंत्रण-मंडलाला जिवंत ठेवून, आम्ही बाहेरून साडेतीन लक्ष आंदोलनांचा संकेत दिला आणि दोन्ही मॉसफेटच्या गेटवरील लाटा पडद्यावर पाहिल्या. येथे एक इशारा देतो. ऑसिलोस्कोपची जमिनीची चिमटी घरच्या विजेला जोडलेल्या मंडलास कधीही लावू नये. त्या चिमटीतून थेट भूमीशी वाट होते, आणि यंत्र व माणूस दोघांनाही धोका असतो.

पडद्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली: एक लाट वर असताना दुसरी खाली हवी, तर दोन्ही एकाच वेळी वर जात होत्या. गेटना संकेत पोहोचविणाऱ्या छोट्या रोहित्रात तारेचे तीन पदर असतात. त्यांतील एकाची टोके उलट जोडावयाची होती, ती मुलाने सुलट जोडली होती. दुसरी: लाटांच्या कडा उभ्या असावयास हव्यात, त्या वितळलेल्या मेणासारख्या ओघळल्या होत्या. याचे कारण त्या रोहित्राचे कडे. मुलाने ते जुन्या संगणकाच्या पेटीतून काढले होते; पिवळ्या रंगाचे, एक बाजू पांढरी. अशी कडी बहुधा लोखंडाच्या भुकटीची असतात. ती निराळ्या कामासाठी असतात. या कामाला फेराइटचे कडे लागते. रंगावर भुलू नये, हे विजेच्या कामातही खरे आहे.

फेराइटचे कडे आणले, एका पदराची टोके उलटविली. लाटा स्वच्छ आणि परस्परविरुद्ध झाल्या. नियंत्रण-चिपच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर बसविले, म्हणजे ठिणगीच्या गोंगाटाने चिप गोंधळू नये. मॉसफेटच्या पाठीस वीज असते. म्हणून तिच्या आणि हीट सिंकच्या मध्ये अभ्रकाचे पापुद्रे घातले. वेटोळ्याच्या खालच्या टोकासाठी घरच्या अर्थिंगला हात न लावता, अंगणात ओल्या जागी एक स्वतंत्र लोखंडी सळई ठोकली.

आता चौथी जोडी. आईने पैसे पुढे केले, तेव्हा मुलाचा हात थरथरत होता. यावेळी वाइंडिंगच्या काकांनी आपल्या दुकानातला टेस्टिंग बोर्ड आणून दिला. हा सुरतेपासून धुळ्यापर्यंत प्रत्येक वायरमनपाशी असतो: शंभर वॉटचा साधा बल्ब यंत्राच्या वाटेत ओळीने जोडलेला. यंत्रात कोठे आरपार झाले तर बल्ब लख्ख पेटतो आणि सारा भार स्वतःवर घेतो, यंत्र वाचते. ज्या वस्तूने तीन जोड्या वाचल्या असत्या ती वस्तू अर्ध्या मैलावर दुकानात टांगलेली होती! मुलाने विचारले नव्हते, आणि मीही सुचविले नव्हते.

वडिलांनी खटका दाबला. बल्ब क्षणभर लुकलुकला, कारण कपॅसिटर भरत होता, आणि विझला. फट् झाले नाही, धूर नाही, वास नाही. पण ठिणगीही नाही! मुलाने टाचणी पुढे-मागे केली, अँटेनाची तार वाकवून पाहिली, काही नाही. सारे निराश होऊन बसलो.

तेव्हा इतके दिवस न बोलणारे वडील म्हणाले, "कारखान्यात मोटार उलटी फिरू लागली तर आम्ही काय करतो? दोन तारांची अदलाबदल करतो. तुझी ही खालची तार उलटी लाव बरे."

मी क्षणभर स्तब्ध झालो. कारण तेच बरोबर होते! अँटेना ताल ऐकते. पण प्राथमिक वेटोळ्याची टोके उलट असतील तर "ढकल" या सूचनेवर झोका नेमका मागे ओढला जातो आणि आंदोलन उभेच राहत नाही. वीज तोडली; कपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरने खात्री केली; सात वेढ्यांची दोन टोके बदलली. पुन्हा खटका.

खोलीतला दिवा मालविला होता. टाचणीच्या टोकावर प्रथम जोंधळ्याएवढा जांभळा ठिपका दिसला. नंतर टेस्टिंग बोर्ड काढून, डिमरस्टॅटने दाब हळूहळू चढविला, तेव्हा सर्र असा आवाज करीत टीचभर लांबीच्या फांद्या अंधारात फुटल्या. हातभर अंतरावर धरलेली निकामी ट्यूबलाइट तारेविना उजळली. मुलगा ओरडला नाही. त्याने वडिलांकडे पाहिले. वडील खटक्यावरचा हात न काढता म्हणाले, "बस्स झाले. आता बंद करतो." आणि बंद केला. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते.

येथे मला माझी एक चूक कबूल करावयाची आहे. अगदी आरंभी, पहिल्या भेटीतच, मी मुलाला म्हणालो होतो की, एवढ्या वेगाच्या विजेचा धक्का बसत नाही, ती कातडीवरूनच निघून जाते. हे मी विद्यार्थिदशेत ऐकले होते आणि तपासून न पाहता पुढे सांगितले. ते खरे नाही. एवढ्या वेगाची वीज मज्जातंतूंना जाणवत नाही, म्हणून झटका लागत नाही. पण मांस मात्र भाजते, आणि ते आतून भाजते. यंत्र चालू लागल्यावर मुलाने माझ्या शब्दावर विश्वासून बोट पुढे केले. दुखले नाही, पण बोटाच्या टोकावर पांढरा ठिपका उमटला आणि तो बरा व्हावयास दोन आठवडे लागले. वडिलांनी तो पाहिला. ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला फार लागले. शिकविणाऱ्याच्या शब्दावर मुले हात पुढे करतात. म्हणून शिकविणाऱ्याने ठाऊक नसलेले सांगू नये.

तेव्हा ज्या घरांतून अशी हौस असलेली मुले आहेत, त्या घरांसाठी काही गोष्टी निक्षून सांगतो. खरा मृत्यू ठिणगीत कमी आणि यंत्राच्या पोटात अधिक असतो. घरची वीज आणि ३२५ व्होल्टांनी भरलेला कपॅसिटर माणूस मारू शकतात. खटका बंद केला तरी कपॅसिटर भरलेला राहतो. त्याच्या दोन टोकांवर कायमचा एक रोधक जोडून ठेवावा आणि हात घालण्यापूर्वी मीटरने पाहावे. एकट्याने कधीही काम करू नये. एक हात पाठीमागे ठेवावा. पाय कोरडे, जमीन कोरडी असावी. ई.एल.सी.बी. जरूर बसवावी, पण तिच्या भरवशावर राहू नये. दोन्ही हातांनी दोन तारा धरल्या तर ती वाचवू शकत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्या. ठिणगीने ओझोन वायू उत्पन्न होतो आणि तो छातीला अपायकारक आहे. मोबाइल फोन आणि कानाची यंत्रे दूर ठेवावी. आणि कोणी विजेला चिकटलाच, तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम खटका बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे. श्वास चालत नसेल तर छाती दाबण्यास लागावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा शेवटचा नियम त्या वडिलांनी मला लिहावयास सांगितला आहे.

एक प्रसंग सांगून संपवितो. नाताळच्या सुमारास वस्तीतील लोकांना हे यंत्र दाखवावे असे ठरले. बाके मांडली, मुले पुढे बसली. मुलाने आरंभीच उभे राहून विचारले, "कोणाच्या छातीत पेसमेकर आहे का?" पहिल्याच बाकावर बसलेल्या एका आजोबांनी हात वर केला. हे यंत्र पाहण्यासाठी ते आठवडाभर दिवस मोजीत होते. अशा यंत्राजवळ पेसमेकर बिघडण्याचा संभव असतो. किती अंतर पुरे, हे आम्हांपैकी कोणालाही छातीठोकपणे सांगता येईना. कोणी म्हणाले, "मागच्या बाकावर बसवा." कोणी म्हणाले, "एका मिनिटाने काय होते?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्यापूर्वीच तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही घरी पोहोचल्याशिवाय मी खटका लावू देणार नाही. नाही तर आज दाखवतच नाही."

आजोबा रुसले, पण उठले. मुलाचे वडील त्यांना मोटारसायकलवर घरी पोहोचवून आले. तोपर्यंत सत्तर-ऐंशी माणसे अंधारात थांबून राहिली. वडील परत आले, खटक्याजवळ आपल्या जागी उभे राहिले, आणि मगच जांभळी फांदी फुटली. एक बाई हात जोडून म्हणाल्या, "चमत्कार!" मुलगा म्हणाला, "नाही मावशी. नळी आहे, तार आहे आणि ताल आहे. उद्या या, मी उघडून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर घेतलेले चित्रण घेऊन तो आजोबांकडे गेला. आजोबांनी ते चार वेळा पाहिले आणि विचारले, "आवाज खरेच एवढा होतो का रे?"

यंत्र आता त्याच्या घरी आहे. वडिलांनीच ते नेले. डब्याला त्यांनी लोखंडी झाकण केले आहे आणि त्याला कुलूप लावले आहे. किल्ल्या दोन आहेत. एक बापाकडे, एक मुलाकडे. दोन्ही लावल्याशिवाय झाकण उघडत नाही.

आपला,
फादर